वाघमोडे सरांचं वाण

पुस्तक लिहिणं एक वेळ सोपं, पण लिहिलेलं पुस्तक घराबाहेर काढणं महाकठीण, हे बापूसाहेब वाघमोड्यांना छापखान्याचा टेम्पो दारात गठ्ठे टाकून गेल्यावर कळलं. गठ्ठे ठेवायला जागा नव्हती. शेवटी बैठकीच्या खोलीतल्या दिवाणाची फळी उचलून ते आत भरले. हा दिवाण वर्षानुवर्षं कुरकुरत होता. पाहुणा बसला की आधी दिवाण बोलायचा आणि मग पाहुणा. आत पुस्तकं गेल्यावर फळीला खालून आधार मिळाला आणि कुरकुर बंद झाली. विजयमालाबाई नवऱ्याला म्हणाल्या की एवढी वर्षं लिहीत बसलात, त्याचं काहीतरी झालं म्हणायचं.

पुस्तकाचं नाव 'बोरू आणि बाजार'. खाली बारीक अक्षरात 'वस्तूंच्या सुळसुळाटाला लेखकांनी वेळोवेळी दिलेले प्रतिसाद : एक शोध'. हा शोध बापूसाहेबांनी बार्शीच्या कॉलेजात मराठी शिकवता शिकवता सुरू केला आणि निवृत्तीनंतर सोलापुरात भवानी पेठेजवळ फ्लॅट घेऊन संपवला. सिद्धांत थोडक्यात असा, की बाजारात जे जे नवं आलं, मग तो चहा असो, सायकल असो, रेडिओ असो नाहीतर हप्त्यावरचा फ्रीज असो, ते बघून लेखक आधी रागावले, मग हसले आणि शेवटी ती वस्तू घरी घेऊन आले. रागावले त्यांनी निबंध लिहिले, हसले त्यांनी विनोदी कथा लिहिल्या, आणि घरी घेऊन आले त्यांनी त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. बापूसाहेब स्वतः रागावणाऱ्यांच्या पक्षाचे. हसणाऱ्यांवर त्यांनी एक वेगळं प्रकरण लिहून त्यांचा चांगला समाचार घेतला होता. देशावर वस्तूंची धाड पडलेली असताना माणसाला हसू येतंच कसं, असा त्या प्रकरणाचा एकूण सूर होता.

त्यांना पुरस्कार नको होता, सत्कार नको होता. कुणीतरी एकानं हे पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचावं आणि घरी येऊन कसं वाटलं ते सांगावं, एवढीच त्यांची इच्छा होती. जुन्या सहकाऱ्यांना प्रती धाडल्या तेव्हा सगळ्यांचे फोन आले आणि सगळ्यांनी मुखपृष्ठाचं कौतुक केलं. मुखपृष्ठाचं कौतुक करणाऱ्या माणसानं आतलं काही वाचलेलं नसतं. बापूसाहेबांना हे पक्कं ठाऊक होतं, कारण सहकाऱ्यांच्या पुस्तकांच्या बाबतीत ते स्वतः आयुष्यभर हेच करत आले होते.

पुस्तक खपवायचे सरळ मार्गही त्यांनी करून पाहिले. ग्रंथालयांसाठी पुस्तकं निवडणाऱ्या एका कचेरीत ते प्रती घेऊन गेले. तिथल्या साहेबांनी पुस्तक उलटंपालटं केलं आणि हे टाकायचं कुठल्या वर्गात, असं विचारलं. साहित्य म्हणावं तर नावात बाजार, अर्थशास्त्र म्हणावं तर आत एक आकडा नाही. साहेबांना मार्ग सुचेना, म्हणून त्यांनी बापूसाहेबांना ग्राहकांच्या तक्रारी घेणाऱ्या कचेरीचा पत्ता दिला. तिथल्या बाईंनी शांतपणे विचारलं, तक्रार कुणाविरुद्ध आहे? बापूसाहेब म्हणाले, तशी लेखकांविरुद्ध. मग बाईंनी वस्तू केव्हा घेतली, पावती जोडली आहे का आणि वस्तूत दोष काय आढळला, असं ओळीनं विचारायला सुरुवात केली. दोषाचं नाव निघाल्यावर बापूसाहेब रंगात आले आणि चौथं प्रकरण सांगू लागले. बाईंनी ते डबा उघडेपर्यंत ऐकून घेतलं, हा त्यांचा मोठेपणा. जेवण झाल्यावर त्यांनी सांगितलं की विक्रेत्याचं नाव घालून अर्ज आणा.

सल्ला देणाऱ्यांना मात्र तोटा नव्हता. तळमजल्यावरचे तिप्पण्णा टॉवेलच्या कारखान्यात जन्म काढून निवृत्त झाले होते. जगातल्या कुठल्याही अडचणीवर टॉवेल हा उपाय असतो अशी त्यांची श्रद्धा होती. त्यांनी जिन्यात गाठून सांगितलं, "सर, पुस्तकावर टॉवेल फ्री ठिवा. आन् तरी न्हाईच खपलं, तर टॉवेलवर पुस्तक फ्री ठिवा." बापूसाहेबांनी त्यांना तिथल्या तिथे पाचवं प्रकरण समजावून सांगितलं. फुकटाच्या आमिषानं गिऱ्हाईक कसं नादी लागतं आणि फुकट मिळालेल्या वस्तूची किंमत कशी राहत नाही, याचंच ते प्रकरण होतं. तिप्पण्णांनी सगळं ऐकलं आणि मोठा टॉवेल नको असेल तर नॅपकिन ठेवा म्हणाले. पालथ्या घड्यावर पाणी, असं मनात म्हणत बापूसाहेब जिना चढले.

अशात संक्रांत आली. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत बायकांची हळदीकुंकवं चालतात आणि प्रत्येक घरी आलेल्या बायकांना काही ना काही वाण लुटायचं असतं. पूर्वी वाण म्हणजे ऊस, बोरं, हरभरा. आता गाळणी, साबणदाणी, चिमटे, झाकणाचे डबे. संक्रांतीला सोलापुरात भरणाऱ्या गड्ड्याच्या यात्रेत हे सगळं ढिगानं मिळतं. विजयमालाबाई सांगोल्याकडच्या, व्यवहाराला चोख. दरवर्षी गड्ड्यावर जाऊन घासाघीस करून पिशवीभर माल आणायच्या. आणि तेवढाच माल बाकीच्या बायकांकडून वाण म्हणून परत घरात यायचा. गेल्या साली दिलेली चहाची गाळणी चार घरं हिंडून त्यांच्याचकडे परत आली होती, तेव्हा बापूसाहेबांनी अर्थव्यवस्थेवर एक लहानसं भाषण दिलं होतं.

यंदा त्यांनी मोठं भाषण दिलं. चहा पिता पिता सुरुवात केली आणि भाकरी थापून होईपर्यंत ओढलं. घरात आहेत त्या वस्तू कमी आहेत का, आणखी प्लॅस्टिक विकत आणून लोकांच्या घरात कोंबायचं आणि त्याला पुण्य म्हणायचं, हा कुठला धर्म, वगैरे. शेवटी म्हणाले, "द्यायचंच असेल तर घरात पडलंय त्यातलं द्यावं माणसानं."

विजयमालाबाईंनी तव्यावरची भाकरी उलटली. "घरात पडलंय त्यातलंच दिऊ म्हंता?"

"घरातलंच."

"बगा हं. पुन्यांदा बोलायचं न्हाई."

आपण आपल्याच पायावर धोंडा मारून घेतोय हे त्या क्षणी बापूसाहेबांच्या ध्यानात आलं नाही. उलट बायकोनं प्रथमच आपला विचार मान्य केला, या समाधानात त्यांनी जास्तीची अर्धी भाकरी खाल्ली.

हळदीकुंकवाच्या दिवशी घरात पुरुषाचं काम नसतं, म्हणून ते एका जुन्या सहकाऱ्याच्या घरभरणीला बार्शीला गेले. संध्याकाळी एसटीनं दमून भागून परत आले, चपला काढल्या आणि दिवाणावर टेकले. दिवाण कुरकुरला.

बापूसाहेब ताडकन उठले. फळी उचलून बघतात तर आत एक गठ्ठा कोपऱ्यात अंग चोरून बसलेला, बाकी सगळा खडखडाट.

"पुस्तकं कुठं गेली?"

"लुटली," विजयमालाबाई म्हणाल्या. त्या तिळगुळाचा डबा पुसत होत्या. "परत्येकीला हळदीकुंकू लावून दिलं. बायका म्हनल्या, यंदा आसलं वाण कुणाकडंच न्हाई."

फुकट वाटण्याविरुद्ध एक अख्खं प्रकरण लिहिलेलं पुस्तक फुकट वाटलं गेलं होतं, आणि तेही बापूसाहेबांच्याच शब्दाला मान देऊन. रागवायला तोंड नव्हतं. जेवताना मात्र त्यांच्या मनात एक बारीकसा आनंद उगवला. ज्या कारणानं का असेना, पुस्तक पेठेतल्या घराघरांत पोचलं होतं. एवढ्या घरांत एखादं तरी माणूस पान उघडेल.

म्हणून ते वाट बघू लागले. जिन्यात कुणी भेटलं की मुद्दाम थांबायचे, चेहऱ्याकडे बघायचे. लोक चेहऱ्याला काही लागलंय का म्हणून हात फिरवायचे. शेवटी न राहवून ते खाली तिप्पण्णांकडे गेले. पेपर मागायचं निमित्त होतं. तिप्पण्णांच्या बायकोनं, गौरम्मांनी, त्यांना आत बोलावलं आणि मोठ्या अभिमानानं देवघर दाखवलं. सिद्धरामेश्वरांच्या तसबिरीशेजारी 'बोरू आणि बाजार' उभं होतं. मुखपृष्ठावर हळदीकुंकू, वर झेंडूचं फूल.

"वाचलंत का?" बापूसाहेबांनी विचारलं.

गौरम्मांना प्रश्न कळला नाही. कळला तेव्हा त्या चरकल्या. "देवापुढचं उचलून वाचायचं कसं, सर?"

मग सगळा प्रकार उलगडला. पुस्तक म्हणजे सरस्वती. त्याला वर हळदीकुंकू लागलेलं. असली वस्तू रद्दीत घालता येत नाही, खुर्चीखाली सारता येत नाही, दुसऱ्याला वाण म्हणून ढकलावं तरी बरं दिसत नाही. गाळणीचं एक बरं असतं, चहा तरी गाळता येतो. पुस्तकाचं काय करायचं हे कुणालाच कळेना, म्हणून सगळ्यांनी ते देवघरात ठेवून हात जोडले होते. माणूस वस्तूची पूजा करू लागला की त्याची बुद्धी गहाण पडते, असं बापूसाहेबांनी सहाव्या प्रकरणात लिहिलं होतं. ते सहावं प्रकरण आता घरोघर उदबत्तीच्या धुरात बसलं होतं.

इथंच थांबलं असतं तरी ठीक होतं. पण गौरम्मांच्या मुलाला बघायला मुलीकडचे आले. त्या मुलाचं लग्न फार दिवस अडलं होतं. मुलीच्या वडिलांनी देवघरासमोर हात जोडता जोडता विचारलं, ही कुठली पोथी? गौरम्मांनी सांगितलं, आमच्या वरच्या सरांनी लिहिलीय. घर धार्मिक आहे, शेजार विद्वान आहे, असं म्हणून पाहुण्यांनी तिथल्या तिथे सुपारी फोडली. झालं. दुसऱ्या दिवसापासून विजयमालाबाईंकडे बायका येऊ लागल्या. कुणाच्या मुलीचं जमत नव्हतं, कुणाच्या मुलाचं. वाघमोडे सरांच्या घरी लग्न जमवायचं वाण मिळतं, ही बातमी पेठ ओलांडून पलीकडे गेली. रथसप्तमीपर्यंत वाण देता येतं, आणि विजयमालाबाई आलेल्या सवाष्णीला रिकाम्या हातानं पाठवणाऱ्या नव्हत्या. उरलेला गठ्ठाही सुटला.

वस्तूचा भाव ती काय कामाची यावर ठरत नाही, शेजारणीकडे ती आहे का यावर ठरतो, हे बापूसाहेबांचं सातवं प्रकरण. ते आपल्याच जिन्यात रांगेनं उभं राहिलेलं त्यांना बघावं लागलं. शास्त्रज्ञाला असा पुरावा मिळाला असता तर तो नाचला असता. बापूसाहेब दारात उभे राहून येणाऱ्या प्रत्येक बाईला, वाचा बरं का, एवढं सांगत राहिले. एकीनं थांबून फार गांभीर्यानं विचारलं की याचं पारायण कसं करायचं. बापूसाहेबांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. ते म्हणाले, नियम काही नाही, रोज थोडं वाचा, पण अर्थ समजून घेत वाचा.

"अर्थ पण लागतो व्हय?" बाई काळजीत पडल्या. "आमच्यात पारायणाला हेच बसतेत, आन् ह्यांना येळ न्हाई. नुसतं घरात ठिवलं तर गुण येत न्हाई का?"

बापूसाहेबांनी हात टेकले. येतो, म्हणाले.

या गडबडीचा फटका बसला शिवप्पांना. भवानी पेठेत त्यांचं वाणाच्या सामानाचं ठोक दुकान. यंदा रथसप्तमी तोंडावर आली तरी त्यांचे झाकणाचे डबे तसेच पडून होते. दुसरा एखादा दुकानदार भांडायला आला असता. शिवप्पा पेढे घेऊन आले. पेढे आणणारा व्यापारी भांडणाऱ्यापेक्षा जास्त धोक्याचा असतो, पण बापूसाहेबांचा व्यापाराचा अभ्यास सगळा ग्रंथांतला होता.

शिवप्पांनी पुस्तक हातात घेऊन सगळीकडून बघितलं, कडा चाचपल्या आणि म्हणाले, "सर, पुढल्या संक्रांतीला मी हे काढतो. हजारभर. कव्हर हेच. तुमचं नाव सोनेरी. फकस्त आतली पानं कोरी ठिऊ."

"कोरी?"

"आत छापलंय म्हणून बायकांची पंचाईत हुती. वाचावं तर येळ न्हाई, न वाचावं तर देवापुढं लाज वाटती. कोरं आसलं की दोन्ही मिटलं. कुणी दुधाचं लिवंल, कुणी भिशीचं."

"आत काय लिहिलंय ते माहीत आहे का तुम्हाला?"

"तुमी लिवलंय म्हंजे चांगलंच आसणार की," शिवप्पा मनापासून म्हणाले. "म्हणून तर ते वापरून खराब व्हायला नको."

बापूसाहेबांना तोंडात मारल्यासारखं झालं. विचार करून सांगतो, एवढंच ते बोलले. शिवप्पा नमुना म्हणून घरातली शेवटची प्रत घेऊन गेले. आता खरं तर बापूसाहेबांनी त्याच दिवशी ठणकावून नाही म्हणायला हवं होतं. पण सोनेरी अक्षरातलं नाव त्यांच्या डोळ्यांपुढून हलेना. हजारभर घरांत आपलं नाव. इतक्या घरांत नाव असलेला सोलापुरात दुसरा लेखक कोण आहे? मजकूर गेला तर गेला, नाहीतरी तो कोण वाचतंय? हा विचार लाजिरवाणा आहे हे त्यांना कळत होतं, आणि दर दोन-तीन दिवसांनी ते शिवप्पांच्या दुकानावरून उगीचच चक्कर मारून येत होते.

रथसप्तमी झाली, बायकांची ये-जा थांबली. एका दुपारी दार वाजलं. दारात सुंदरम्मा होत्या. समोरच्याच फ्लॅटमध्ये एकट्या राहायच्या. एका शाळेच्या कार्यालयात नोकरी करून निवृत्त झालेल्या, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. हळदीकुंकवाचं बोलावणं करत फिरणाऱ्या बायका त्यांचं दार सोडून पुढे जायच्या. रीतच तशी, म्हणून कुणाला त्यात काही वाटायचं नाही. विजयमालाबाईंनाही कधी वाटलं नव्हतं. दारासमोरून एवढी रांग गेली, जिन्यात एवढा गलबला झाला, सुंदरम्मांना मात्र कुणी बोलावलं नव्हतं.

"सर, तुमचं पुस्तक हाय म्हणं," त्या म्हणाल्या. "एक मिळंल का? वाचायला पायजे हुतं."

ज्या वाक्याची एवढे दिवस वाट बघितली ते असं साध्या आवाजात येईल, असं बापूसाहेबांना वाटलं नव्हतं. त्यांनी घाईघाईनं दिवाणाची फळी उचलली. आत रिकामी सुतळी होती. घरातल्या देवघरातही प्रत नव्हती. तीसुद्धा विजयमालाबाईंनी एका उपवर मुलीच्या आईला देऊन टाकली होती. सुंदरम्मा म्हणाल्या की नसलं तर राहू द्या. बापूसाहेब म्हणाले, बसा, आणतो, आणि चपला घालून निघाले.

पहिल्यांदा ते खाली गौरम्मांकडे गेले. एक प्रत थोड्या दिवसांसाठी परत हवी होती, असं त्यांनी म्हणताच गौरम्मांचा चेहरा पांढरा पडला. लग्नाची तारीख धरलेली, हॉल ठरलेला, आणि ज्यानं दिलं तोच वाण परत मागतोय. तिप्पण्णांनी त्यांना बाजूला घेतलं आणि सर, पाया पडतो, जमलेल्यात बिब्बा घालू नका, म्हणाले. पाहिजे तर दुसरं काहीही न्या. निघताना त्यांनी बापूसाहेबांच्या हातात खरोखरच एक टॉवेल दिला. पलीकडच्या दोन घरांतही हेच झालं. दिलेलं वाण परत मागणारा पुरुष पेठेनं आजवर पाहिला नव्हता. खांद्यावर टॉवेल टाकून दारोदार स्वतःचंच पुस्तक मागत फिरणाऱ्या सरांकडे लोक काळजीनं बघू लागले.

राहता राहिले शिवप्पा. त्यांच्या दुकानात गेल्यावर कळलं की मुखपृष्ठ फाडून, पुस्तकाच्या नावाच्या पानासकट, ते छापखान्याला नमुना म्हणून गेलं आहे.

"आणि आतलं?"

"आतलं पायजे?" शिवप्पांना नवल वाटलं. गल्ल्यामागून त्यांनी पानांचा सुटा गठ्ठा काढला. "न्या की. मला काय करायचंय."

मुखपृष्ठ नाही, नाव नाही, बांधणी उसवलेली, असं आपलं पुस्तक सुतळीनं बांधून बापूसाहेब घरी आले. पेठेत सगळ्यांकडे बाहेरचं होतं आणि वाचणाऱ्या बाईच्या वाट्याला फक्त आतलं आलं होतं. त्यांनी ओशाळून गठ्ठा पुढे केला. सुंदरम्मा म्हणाल्या, वाचायचं तर आतच असतंय.

मधल्या काळात विजयमालाबाईंनी त्यांना चहा दिला होता आणि तिळगूळ दिला होता. रथसप्तमी होऊन गेल्यावरचा तिळगूळ हातावर ठेवताना बाईंना कधी नव्हे ती लाज वाटली. सुंदरम्मा गेल्यावर त्यांनी कपबशी उचलली. मग म्हणाल्या, समोरचंच दार हाय, आन् मी सगळ्या पेठेत वाटत फिरले.

त्यानंतरचे दिवस बापूसाहेबांनी परीक्षेचा निकाल लागायच्या आधी पोरं काढतात तसे काढले. समोरच्या दाराचा आवाज आला की ते दचकायचे. शिवप्पांचे फोन येत होते, छापखाना थांबलाय म्हणत होते. बापूसाहेब उद्यावर ढकलत होते. शेवटी एका सकाळी सुंदरम्मा आल्या. गठ्ठा नीट परत सुतळीनं बांधलेला. त्यांनी सगळं वाचलं होतं.

"तिसरं प्रकरण लांबलंय," त्या बसता बसता म्हणाल्या.

बापूसाहेबांचा जीव भांड्यात पडला. तिसरं प्रकरण लांबलेलं होतंच, आणि हे कळायला दोन प्रकरणं वाचून तिसऱ्यात शिरावं लागतं.

"आन् त्या हसणाऱ्यांवर तुमी उगं रागावलाय. रागावणारे सारखं उपदेश करतेत. हसणारे निदान सांगतेत तरी, की बाबा आमाला पण ती वस्तू पायजे हुती."

यावर बापूसाहेबांकडे उत्तर होतं, तळटीपांसकट, पण ते ऐकत राहिले.

"एक इचारू का, सर? मिक्सर आला तवा लेखकांनी नावं ठिवली, पाट्यावरची चव गेली म्हनले. तुमी बी त्यांचीच बाजू घेतलीय. आमच्या घरात मिक्सर आला तवा मी पाट्यावरनं उठले. तासभर सुटला. त्या तासात शाळेतली पुस्तकं घरी आणून वाचायला लागले, ते आजपातूर." त्यांनी गठ्ठ्यावर हात ठेवला. "मिक्सर नसता तर हे कुणी वाचलं असतं?"

बापूसाहेबांना आधी राग आला, कारण एवढ्या वर्षांच्या शोधात हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. पण तो टिकला नाही. कुणीतरी आपलं पुस्तक इतकं वाचलंय की त्याच्याशी भांडायला आलंय, या गोष्टीचा त्यांना एवढा आनंद झाला की डोळे भरून आले, आणि ते पुसायला तिप्पण्णांचा टॉवेल कामी आला. विजयमालाबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "आक्का, पुढल्या संक्रांतीला तुमी यायचं. रीतबीत मी बगते."

"वाण काय देणार, त्यावर हाय," सुंदरम्मा म्हणाल्या आणि चहा घेऊन गेल्या.

त्या गेल्यावर बापूसाहेब गठ्ठा उचलायला गेले, पण विजयमालाबाईंनी तो आधी उचलला होता. एवढं काय हाय त्यात बगू तरी, असं म्हणत त्यांनी सुतळी सोडली. मुखपृष्ठ आणि नावाचं पान छापखान्यात गेलेलं, त्यामुळे सगळ्यात वर अर्पणपत्रिकेचं पान होतं. त्यावर मधोमध एकच ओळ छापलेली होती. 'सौ. विजयमाला हिस, जिच्यामुळे मला आयुष्यात कधी बाजारात जावं लागलं नाही.'

विजयमालाबाईंनी ते सावकाश वाचलं, पुन्हा वाचलं, आणि त्यांना हसू फुटलं. "तुमी बाजारात कदी गेलाच न्हाई? आन् बाजारावर एवढं लिवलं?"

"ते कृतज्ञता म्हणून आहे," बापूसाहेब म्हणाले.

हसता हसता त्या थांबल्या. आपल्या नावावरून त्यांनी अंगठा फिरवला. "माजं नाव छापलंय, हे सांगितलं न्हाई कदी."

"तू उघडशील तेव्हा कळेल म्हणून थांबलो होतो."

"आन् मी न उघडताच लुटून बसले." त्यांनी ते पान गठ्ठ्यातून वेगळं काढलं, नीट बघितलं आणि परत वर ठेवलं. तेवढ्यात फोन वाजला. शिवप्पांचा होता. बापूसाहेब काय सांगावं या विचारात उभे राहिले. विजयमालाबाईंनी त्यांच्याकडे न बघताच सांगितलं, "बाकीचं काय करायचं ते तुमी आन् सुंदराक्का ठरवा. पर त्यांना म्हणावं, हे पान कोरं ठिवायचं न्हाई."